नाशिकमध्ये किंगस्नेक : तेरा महिन्यांच्या नोंदी

या नोंदी मी मुळात एका जुन्या हजेरीवहीत स्वतःसाठी ठेवत होतो. पुढे दोन-तीन ओळखीच्यांनी किंगस्नेक हा बिनविषारी साप पाळण्याचा विचार बोलून दाखवला आणि प्रत्येकाला तेच ते तोंडी सांगण्यापेक्षा वहीच स्वच्छ लिहून काढावी असे वाटले. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. आमचे तळमजल्याचे घर मखमलाबादच्या बाजूला असून त्याच्या दोन अंगांना द्राक्षबागा आहेत. या बागांचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

२९ ऑक्टोबर २०२३

साप अजून आलेले नाहीत. तीन रविवार खर्चून पेटी तयार झाली. बारा मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवूड, मधे पक्का पडदा घालून केलेले दोन स्वतंत्र कप्पे, प्रत्येक कप्पा ९० सेंटिमीटर लांब व ४५ खोल, समोर खाचेत सरकणारी ॲक्रिलिकची दारे आणि मागे वाऱ्यासाठी बारीक छिद्रांची जाळी असे तिचे स्वरूप आहे. खर्च ४,१५० रुपये आला. दारांच्या खाचा मी राउटरने काढल्या आणि त्या काढताना दार सहज सरकावे म्हणून थोडी ढिलाई ठेवली. टूलरूममध्ये काम करणाऱ्या माणसाने ही ढिलाई मोजून लिहून ठेवायला हवी होती, पण मी ती मोजली नाही.

कागदपत्रांविषयी एकदाच लिहितो. आपल्याकडचा कोणताही साप, मग तो बिनविषारी धामण किंवा कवड्या का असेना, घरात ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. किंगस्नेक हा अमेरिका खंडातला साप असल्यामुळे तो त्या तरतुदीत येत नाही. मात्र परदेशातून प्राणी आणायला आयात परवाना लागतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या ‘साइट्स’ (वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. किंगस्नेक त्या यादीत नाहीत. तरीही मी पुण्याच्या ज्या पालकाकडून पिल्ले घेणार आहे, त्याच्याकडून अंडी फुटल्याची तारीख, आईबापांची छायाचित्रे आणि मूळ जोडीच्या परवान्याची प्रत मागून घेतली. हे कागद द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९ नोव्हेंबर २०२३

दोन पिल्ले आली. पहिले कॅलिफोर्निया किंगस्नेक असून काळ्याभोर अंगावर शुभ्र आडवे पट्टे असणाऱ्या, म्हणजे तिकडच्या वाळवंटी भागातल्या रूपाचे आहे. दुसरे मेक्सिकन ब्लॅक. ते मोठेपणी पूर्ण काळे होणार असले तरी आज त्याच्या कुशीवर फिकट ठिपक्यांच्या पुसट रांगा दिसतात. दोघांची लांबी पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. आईने दारातूनच पाहिले आणि पट्ट्यांच्या पिल्लाला ‘पट्टेवाला’ व काळ्याला ‘शाळिग्राम’ अशी नावे देऊन टाकली. तिने नावे ठेवली याचा मी संमती असा अर्थ काढला. तो चुकीचा होता, हे जेवताना कळले.

पहिले आठ दिवस हात लावायचा नाही आणि खायला घालायचे नाही, असे ठरवले आहे. नवव्या दिवशी उंदराचे एकेक पिंकी, म्हणजे केस न आलेले नवजात पिल्लू, द्यायचे.

३ डिसेंबर २०२३

पहिली चूक घडली आणि ती पूर्णपणे माझी आहे. पेटीच्या तळाखाली हीट मॅट बसवून थर्मोस्टॅटचा प्रोब (मॅट बंद-चालू करणाऱ्या उपकरणाची तापमान मोजणारी तार) आतल्या तळावर चिकटपट्टीने लावला होता. उबेमुळे पट्टीचा डिंक सुटला, पट्टी अर्धी उचकटली आणि शाळिग्राम तिच्याखाली शिरून तिला चिकटला. सकाळी पाहिले तेव्हा मानेपासून बोटभर अंतरापर्यंत पट्टी त्याच्या खवल्यांवर बसलेली होती. ओढली असती तर कातडी निघाली असती. कापसाच्या बोळ्याने खोबरेल तेल सोडत, डिंक विरघळेल तसतशी एकेक खवला मोकळा करत गेलो. त्याला पन्नास मिनिटे लागली. दोन खवले दुखावले, एवढ्यावर निभावले.

दुसरा परिणाम याहून गंभीर झाला असता. प्रोब तळापासून सुटून वर लोंबकळत असल्यामुळे थर्मोस्टॅटला गार हवेचे तापमान मिळत राहिले आणि मॅट बंदच झाली नाही. तळाचे तापमान ४१ अंशांवर गेले होते. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. तो भाजत असला तरी अनेकदा जागेवरून हलत नाही. आता प्रोब मॅट आणि प्लायवूड यांच्या मधल्या खाचेत स्क्रूच्या पट्टीने पक्का केला आहे. आतल्या फरशीवर ३० अंश मिळण्यासाठी खालचे तापमान किती ठेवावे लागते, हे वेगळ्या तापमापकाने चार दिवस मोजून ठरवले. पेटीच्या आत चिकटपट्टी कोणत्याही कारणाने वापरायची नाही.

२२ डिसेंबर २०२३

निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो तो उगाच नाही. आमच्या खोलीत पहाटे १५ अंश होते. काल रात्री पावणेदोनला वीज गेली ती सकाळी सातला आली. पट्टेवाल्याने संध्याकाळीच खाल्ले होते. सकाळी त्याने अर्धवट पचलेले पिंकी बाहेर टाकलेले आढळले; वास असा की पत्नीने दोन खोल्या पलीकडून विचारणा केली.

पोटात अन्न असताना अंग गार पडले की पचन थांबते आणि अन्न आतच सडू लागते, म्हणून साप ते परत काढतो. यात त्याच्या पोटातील पाचकरसही जातात. लगेच पुन्हा खायला घालणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे आणि माझा हात नेमका त्याकडेच वळला होता, कारण पिल्लू उपाशी राहील ही काळजी होती. पुण्याच्या पालकाने फोनवर अडवले. बारा दिवस फक्त पाणी, त्यानंतर नेहमीपेक्षा लहान पिंकी आणि तेही पचले तरच पुढचे, असा क्रम त्याने सांगितला. दोन्ही मॅट मिळून ३० वॉटसुद्धा होत नाहीत. घरच्या इन्व्हर्टरवर त्या पहिल्या दिवसापासून जोडता आल्या असत्या. आज जोडल्या. दोन कप्प्यांना एकच थर्मोस्टॅट लावण्याची काटकसरही सोडली आणि स्वतंत्र दोन घेतले. त्यांचे १,३०० रुपये झाले. मॅट व पहिला थर्मोस्टॅट मिळून आधीचे १,९५० होतेच.

१४ जानेवारी २०२४

खाण्याची व्यवस्था हा या छंदाचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. रंगांची छायाचित्रे सगळे दाखवतात, फ्रीझर कोणी दाखवत नाही. आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये गोठवलेले उंदीर ठेवण्याचा प्रश्न मांडण्यापूर्वीच निकालात निघाला. जिन्याखालच्या खोलीत एक जुना छोटा डीप फ्रीझर ६,५०० रुपयांना आणून ठेवला. त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे.

पहिली तीस पिंकींची खेप पुण्याहून बसने थर्माकोलच्या डब्यात मागवली होती. बस सिन्नरच्या अलीकडे तीन तास अडकली, डबा हातात आला तेव्हा बर्फाचे पाणी झालेले होते आणि १,०५० रुपयांचा माल मळ्याच्या कडेला खड्डा करून पुरावा लागला. एकदा वितळलेले परत गोठवून घालायचे नाही. आता दोन महिन्यांतून एकदा मी स्वतः पहाटे जातो आणि दुपारच्या आत परततो. घरीच पांढरे उंदीर वाढवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. ज्यांनी तो दिला त्यांच्यापैकी कोणी उंदरांच्या मुताच्या वासात राहिलेले नाही, असा माझा अंदाज आहे.

गोठवलेले पिंकी आदल्या रात्री वितळवायला काढायचे, घालण्यापूर्वी पिशवीत बांधून कोमट पाण्यात धरायचे आणि कोरडे करून लांब चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर द्यायचा नाही. मोठा उंदीर सापाला गंभीर चावे घेऊ शकतो.

२५ फेब्रुवारी २०२४

दोघांनीही कात टाकली. आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्याविषयी थोडे लिहितो.

कात टाकण्यापूर्वी साप आठवडाभर मळकट दिसतो, डोळ्यांवर निळसर दूध चढते आणि मग ते निवळून दोन-तीन दिवसांत कात निघते. तिच्यानंतरचे पहिले दोन दिवस रंग पाहण्याचे असतात. पट्टेवाल्याचा पांढरा रंग त्या दिवसांत चुन्याने नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा किंचित निळसर पांढरा असतो आणि पुढे हळूहळू सायीकडे झुकतो. शाळिग्रामच्या कुशीवरचे ठिपके दर कातीगणिक विरत आहेत. नोव्हेंबरात मी एकोणीस मोजले होते, आज तिरप्या उजेडात सात दिसले.

रंगांची तुलना करायची तर छायाचित्र प्रत्येक वेळी एकाच जागी, एकाच वेळी आणि एकाच पार्श्वभूमीवर घ्यायला हवे, हे मला तीन महिने उशिरा सुचले. आधीची छायाचित्रे ट्यूबलाइटखालची असल्यामुळे पांढरा कधी हिरवट तर कधी पिवळा आलेला आहे आणि तुलनेसाठी ती निरुपयोगी आहेत. आता उत्तरेकडच्या खिडकीत, सकाळी दहाला, राखाडी पुठ्ठ्यावर छायाचित्र घेतो. पट्टेवाल्याची कात ओली असतानाच सरळ करून कागदावर वाळवली. तिच्यावरही पट्टे उमटलेले असतात. मोजले तर चौतीस भरले.

२१ एप्रिल २०२४

खोली दुपारी ३६ अंशांवर जाते. किंगस्नेकला सतत ३२च्या वर राहावे लागणे धोक्याचे आहे, आणि नाशिकची हवा थंड या समजुतीवर विसंबून मी उन्हाळ्याची काहीच तयारी केली नव्हती. मॅट बंद करून उपयोग नाही, कारण तापलेली हवाच बाहेरून येते. पेटी उचलून जिन्याखालच्या शहाबादी फरशीच्या खोलीत नेली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि पाण्याचे भांडे साप पूर्ण वेटोळे करून बसेल एवढे मोठे केले. आता २९ ते ३० राहते. शाळिग्राम दिवसाचे चार तास भांड्यात असतो. फ्रीझर त्याच खोलीत उष्णता सोडत होता, तो व्हरांड्यात काढला.

१६ जून २०२४

पेटी धुताना दोघांना दहा मिनिटांसाठी एकाच बादलीत ठेवले. किंगस्नेक दुसरे साप खातात, त्यावरूनच त्यांना ‘किंग’ म्हटले जाते; विषारी रॅटलस्नेकच्या विषालाही ते बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. हे सर्व मला ठाऊक होते आणि तरीही मी दोघांना एका बादलीत टाकले. ब्रश घेऊन वळेपर्यंत पट्टेवाल्याने शाळिग्रामला मध्यभागी धरून तीन वेढे घातले होते. ओढून सोडवता येत नाही, दात आत वळलेले असतात. दोघांना तसेच नळाच्या गार धारेखाली धरल्यावर मिनिटभराने पकड सुटली. शाळिग्रामच्या अंगावर दातांच्या खुणांची एक ओळ आहे. आता प्रत्येकाची बादली निराळी असून तिच्यावर नाव लिहिले आहे.

४ जुलै २०२४

शाळिग्रामच्या पोटावर लालसर फोड दिसले. तळाशी मी नर्सरीतला कोकोपीट वापरत होतो. उन्हाळ्यात तो फार सोयीचा होता, थोडा ओला केला की कात सहज निघत असे. पावसाळ्यात मात्र हवेतच इतका ओलावा असतो की तोच कोकोपीट खालून कायमचा दमट राहतो. वरून कोरडा दिसला म्हणून मी खाली हात घालून पाहिले नाही. त्याआधी सुताराकडचा रंध्याचा भुसा वापरला होता, पण त्यात प्लायवूडचा डिंक व भुकटी मिसळलेली असल्यामुळे तो पंधरा दिवसांतच टाकून दिला होता.

गुरांचे दवाखाने चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी सापावर उपचार केला नसल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, पण पुण्याच्या एका डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलून उपचार ठरवून दिला आणि शुल्क ४०० रुपये घेतले. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून त्यात रोज दहा मिनिटे, नंतर पूर्ण कोरडे करून वर्तमानपत्रावर ठेवायचे. रद्दीच्या भावातले वर्तमानपत्र हाच शेवटी सर्वांत चांगला तळ ठरला. कातीच्या वेळेपुरता ओला कोकोपीट घातलेला एक झाकणाचा डबा आत ठेवतो, त्याला बाजूने भोक पाडलेले आहे.

११ जुलै २०२४

पट्टेवाला पेटीत नाही.

दोन ॲक्रिलिक दारे जेथे एकमेकांवर येतात तेथे नऊ मिलिमीटरची फट आहे. आज व्हर्निअरने मोजली. पावसाळी हवेत प्लायवूड फुगून चौकट किंचित वाकली आणि ऑक्टोबरात ठेवलेली ढिलाई तिच्यात मिळाली. त्याचे डोके दहा मिलिमीटरांचे असेल, पण ते दबते. जेथून डोके जाते तेथून साप जातो.

घराच्या सर्व दारांच्या खाली टॉवेल कोंबले, मोऱ्यांच्या जाळ्यांवर विटा ठेवल्या, भिंतींच्या कडेने मैद्याची रेघ ओढली म्हणजे सरपटल्याची खूण दिसेल. शोधताना सतत ग्रान कनारिया बेटाची आठवण येत होती. पाळीव म्हणून नेलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक त्या स्पॅनिश बेटावर सुटले, १९९८पासून ते रानात आढळू लागले आणि ज्या भागांत ते पसरले तेथले तिकडचे खास मोठे सरडे जवळपास संपले. रानात पकडलेल्यांत रंगहीन आणि उभ्या रेघेचेही निघतात, म्हणजे ते छंदिष्टांच्या पेट्यांतूनच गेलेले आहेत. आमच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग आहे, उंदीर आहेत, पाली आणि सरडे आहेत.

१५ जुलै २०२४

ही नोंद मी घटनेनंतर दोन दिवसांनी लिहिली. त्या रात्री लिहिणे शक्य नव्हते.

रात्री सव्वादहा वाजता मुलीने न्हाणीघरातून आनंदाने हाक मारली, “बाबा, पट्टेवाला सापडला!” ती नऊ वर्षांची आहे आणि आठ महिने तिने त्याला हातावर खेळवलेले आहे. मी गेलो तेव्हा ती मोरीपासून दोन हातांवर उकिडवी बसली होती, हातात पाण्याचा मग होता आणि तो उपडा करून त्याच्यावर झाकण्याच्या बेतात होती. मोरीच्या कडेला काळा साप होता आणि त्याच्यावर पांढरे पट्टे होते. मीही क्षणभर सुटकेचा श्वास टाकला आणि एक पाऊल पुढे झालो, हे लिहिणे भाग आहे.

मग दिसले की पुढच्या वीतभर अंगावर पट्टे जवळजवळ नव्हतेच. मागे होते ते सुतासारखे बारीक आणि जोडीजोडीने. पट्टेवाल्याचे पट्टे बोटभर रुंद असून मानेपासून शेपटीपर्यंत सलग आहेत. मी मुलीला काखेत धरून उचलले आणि दार लावले. ती मण्यार होती.

सर्पमित्र पस्तीस मिनिटांत आले. बरणीत घेतल्यावर त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाठीच्या मधोमध असलेली मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग दाखवली. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात आणि कवड्याचे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरतात, हेही त्यांनी समजावले; पण लगेच, “दादा, हे तुमच्यासाठी, तेही बरणीबाहेरून. पोरीला हे शिकवू नका,” असे म्हणाले. मण्यार रात्रीची फिरते, तिचा चावा अनेकदा दुखतसुद्धा नाही आणि झोपेत चावलेल्या माणसाला सकाळपर्यंत श्वास घेता येईनासा होतो. मोरीच्या जाळीवरची वीट अंघोळीच्या वेळी काढल्यावर कोणी परत ठेवली नव्हती. ते कोणी केले याचा शोध मी घेतला नाही, कारण विटेची गरज मीच निर्माण केली होती.

आई रात्रभर मुलीच्या खोलीत बसून होती. सकाळी तिने एवढेच सांगितले, “तुझा छंद तू ठेव, पण ज्याला पाहून पोरीची भीती मोडली ते रूप या घरात नको.”

यावर वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पेटीची फट, तापमान, तळ या सर्व चुका मी वहीत लिहिल्या आणि दुरुस्त केल्या; पण आठ महिने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा साप मुलीच्या हातात देत होतो, ही चूक म्हणून माझ्या वहीत कोठेच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या मुलाला या पट्ट्यांचा साप निरुपद्रवी असल्याचे शिकवता येते. मखमलाबादमधल्या मुलीला तेच शिकवणे म्हणजे तिला चुकीचे अक्षर गिरवायला लावण्यासारखे होते.

२२ जुलै २०२४

अकराव्या दिवशी पट्टेवाला स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरला लागून वेटोळे करून बसलेला सापडला. जेथे ऊब तेथे साप, हे लक्षात घेऊन पहिल्याच दिवशी तेथे पाहायला हवे होते. मी मात्र अडगळीची खोली उपसत बसलो होतो. ज्या फ्रीजमध्ये त्याचे खाणे ठेवायला मनाई होती त्याच्याच मागे तो राहिला, यावर आईसुद्धा हसली. वजन अकरा ग्रॅमने घटले आहे, बाकी ठीक. पुण्याला फोन करून तो परत घ्यावा अशी विनंती केली.

९ ऑगस्ट २०२४

नागपंचमी. शेजारच्या काकूंनी दूध आणून ‘तुमच्याकडे प्रत्यक्षच आहेत तर’ म्हणून पूजेसाठी शाळिग्राम बाहेर काढण्याचा आग्रह केला. साप दूध पीत नाही, हे मी सौम्यपणे सांगितले आणि त्याला बाहेर काढले नाही. त्यांना पटावे म्हणून सांगितले की याच्याच कुळातल्या काही सापांना अमेरिकेत ‘मिल्क स्नेक’ म्हणतात. ते गोठ्यात उंदरांसाठी येतात आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी ते गाईंना पितात असे ठरवून टाकले होते. काकू म्हणाल्या, “मग आपली धामण म्हशीला पिते ती?” दोन्हीकडची समजूत इतकी सारखी निघाली की मला पुढे बोलायला जागाच राहिली नाही. दूध मांजरीला घातले.

६ ऑक्टोबर २०२४

पट्टेवाला ऑगस्टअखेरीस पुण्याला परत गेला. त्याच्या बदल्यात आज दुसरा कॅलिफोर्निया किंगस्नेक आला, पण हा तपकिरी अंगाचा असून पाठीच्या मधोमध मानेपासून शेपटीपर्यंत एकच पिवळसर उभी रेघ आहे. मुलीने नाव ठेवले ‘रेघ’.

गंमत अशी की आडव्या पट्ट्यांचे आणि उभ्या रेघेचे हे दोन साप अनेक वर्षे दोन निराळ्या जाती समजले जात होते. लॉरेन्स क्लाउबर या अमेरिकन सर्पतज्ज्ञांनी १९३०च्या दशकात एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रूपांची पिल्ले निघतात हे दाखवले तेव्हा तो घोळ मिटला. पुण्याच्या पालकाने रेघेच्या भावंडांचे छायाचित्र दाखवले. एकाच डब्यात चार रेघेची, पाच पट्ट्यांची आणि एकाच्या अंगावर तुटक ठिपके, जणू काय व्हावे हे त्याचे ठरलेच नव्हते. संग्राहकाला याहून अधिक देखणे काही हवे असेल असे मला वाटत नाही, तरी त्या डब्यातले मी एकच आणले.

काकूंनी रेघेला पाहून ‘ही तर नानेटी’ म्हटले. नानेटीच्या पाठीवर दोन रेघा असतात आणि ती बिनविषारी आहे, म्हणजे या वेळी गल्लत झालीच तरी ती त्या बाजूची होईल. तरीही मुलीने आता एकाही सापाला हात लावायचा नाही, तिच्याकडे फक्त छायाचित्रे आणि मोजणी, असे ठरले आहे. ती पहिले पंधरा दिवस रुसली होती.

सरकती दारे काढून टाकली. त्यांच्या जागी बिजागरीवर उघडणारे एकसंध दार, चारही बाजूंना रबरी पट्टी, दोन कड्या आणि कुलूप बसवले; चौकटीला आतून-बाहेरून पॉलिश दिले. खर्च २,३०० रुपये. फटी फीलर गेजने तपासल्या, कोठेही एक मिलिमीटरच्या वर नाही. न्हाणीघराच्या मोरीला स्क्रूने बसणारी स्टीलची जाळी लावली.

१ डिसेंबर २०२४

पिल्लांची किंमत मी लिहीत नाही, कारण ती मागणीप्रमाणे हलते आणि स्वस्त ऐकून माणसे आधी साप आणतात व पेटी नंतर करतात. बाकीचा हिशेब असा : पेटी ४,१५०, मॅट आणि पहिला थर्मोस्टॅट १,९५०, नंतरचे दोन थर्मोस्टॅट १,३००, फ्रीझर ६,५००, खाणे ४,५००, वाया गेलेली खेप १,०५०, डॉक्टर ४००, नवी दारे २,३००. एकूण २२,१५० रुपये, प्रवास वेगळा.

शाळिग्राम ७४ सेंटिमीटर झाला. पोटावरचे फोड दोन कातींनंतर पूर्ण गेले. कुशीवरचा शेवटचा ठिपका मला ऑगस्टपासून दिसत नाही, पण मुलीचे म्हणणे आहे की उजव्या बाजूला, मानेपासून मोजून एकतिसाव्या खवल्याच्या खाली एक अजून आहे. काल सकाळी दहाच्या उजेडात भिंग घेऊन काचेबाहेरून पाहिले. तिचे बरोबर होते.

रेघेने तिसऱ्या प्रयत्नात खाल्ले. पहाटे खोलीत १६ अंश, तळावर ३०. इन्व्हर्टरची बॅटरी परवा बदलली.